पाण्याचा वाटा ठरला, घाणीचा कोण ठरवणार?

मे महिन्यात उल्हास नदीत जे पाणी दिसतं त्यातलं बरंचसं तिचं स्वतःचं नसतं. ते मावळातल्या आंध्रा नदीचं असतं. आंध्रेला कुणी अडवलं नसतं तर ती इंद्रायणीत, इंद्रायणी भीमेत, भीमा कृष्णेत मिळून हे पाणी बंगालच्या उपसागराला गेलं असतं. टाटांनी ठोकरवाडीला धरण बांधलं, पाणी घाटाखाली उतरवलं आणि 1922 पासून ते भिवपुरीच्या वीजकेंद्रातून बाहेर पडून उल्हासेला मिळतं. कृष्णेच्या खोऱ्यातून असं पश्चिमेला किती पाणी वळवायचं, यावर महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश ही राज्यं लवादापुढे भांडली, टीएमसीचे (अब्ज घनफुटांचे) आकडे ठरले. ठाण्याच्या नळाला ऐन उन्हाळ्यात जे पाणी येतं त्याच्या मापाचा हिशेब असा निवाड्यात नोंदवलेला आहे. पण तेच पाणी बदलापूरची हद्द ओलांडताना कसं असतं, कल्याणच्या हद्दीत शिरताना कसं असतं, आणि मधल्या मधे त्यात कुणी काय सोडलं, याचा जाब मात्र कुणी कुणाला देत नाही.

सामायिक नद्यांचं दुखणं जगभर हेच आहे. पाणी किती, यावर करार होतात. पाणी कसं, यावर फार तर सदिच्छा व्यक्त होतात. सिंधू पाणीवाटप करार 1960 चा. त्यात पूर्वेच्या तीन नद्या भारताला, पश्चिमेच्या तीन पाकिस्तानला, कालव्यांपासून वीजप्रकल्पांपर्यंत सगळ्याची बारकाईने तरतूद. प्रदूषणावर एक परिच्छेद आहे, आणि त्यात दोन्ही बाजूंनी जमेल तितकं प्रदूषण टाळण्याचा ‘इरादा’ जाहीर केला आहे. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने हा करार स्थगित ठेवला, तेव्हा वाहिन्यांवर थेंबाथेंबाची चर्चा झाली. हुडियारा नाल्याचं नाव कुणी काढलेलं मला तरी आठवत नाही. हा नाला पंजाबात बटाल्याकडून निघतो, सीमा ओलांडतो, लाहोरजवळून जाऊन रावीला मिळतो. अलीकडचे त्यात सांडपाणी सोडतात, पलीकडचेही सोडतात. उलट दिशेचं उदाहरण बंगालमध्ये आहे. बांगलादेशातल्या दर्शना इथल्या साखर कारखान्याची मळी माथाभांगा नदीतून आपल्या नदिया जिल्ह्यात येते, आणि चूर्णी नदी काळी पडते. भारत-बांगलादेशात गंगेचा करार 1996 पासून आहे. फराक्याला दहा-दहा दिवसांच्या हप्त्याने कुणाला किती पाणी हे त्यात ठरलेलं आहे. चूर्णीच्या कोळ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

असं का होतं? पाण्याचा तुटवडा दिसतो. धरणाचा दरवाजा बंद केला की तो कुणी बंद केला हे सगळ्यांना कळतं. घाण मात्र वाटेत मिसळत जाते. दहाजणांनी थोडी थोडी सोडली की प्रत्येकाला हात झटकता येतात, आणि आपल्या आधीच्याकडे बोट दाखवता येतं. बोट दाखवायला खर्च येत नाही. शुद्धीकरण केंद्राला येतो, आणि वर चालवायला महिन्याच्या महिन्याला वीजबिल येतं.

राष्ट्राराष्ट्रांत हे चालतं म्हणून आपण सोडून देतो. पण उल्हास तर एका राज्यात उगमते आणि त्याच राज्यात समुद्राला मिळते. राजमाचीच्या डोंगरात निघते, कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर, अंबरनाथ-उल्हासनगरची कड, कल्याण, डोंबिवली, मुंब्रा, भिवंडीच्या समोरून ठाण्याला येते आणि घोडबंदरकडून वसईच्या खाडीत जाते. दोन-तीन जिल्हे, डझनभर नगरपालिका-महापालिका-ग्रामपंचायती, एमआयडीसी, जीवन प्राधिकरण. सरकार एक, कायदा एक, प्रदूषण नियंत्रण मंडळ एक. तरी हे सगळे एकमेकांशी परराष्ट्रांसारखे वागतात. खरं तर परराष्ट्रं बरी, त्यांचे निदान वकील तरी असतात.

माझं म्हणणं असं आहे की या नदीला परराष्ट्रांसारखाच करार हवा. नुसता पाण्याचा नको, पाण्याच्या प्रतीचा हवा. आणि तो घडवून आणायला पुढाकार ठाणे महापालिकेने घ्यायला हवा, कारण या नदीच्या वाटेवर जवळपास सगळ्यात खाली आपण बसलो आहोत.

युरोपातल्या ऱ्हाईनची गोष्ट आपल्याकडे परिसंवादांत सांगतात, पण तिचा गोड शेवट तेवढा सांगतात. ऱ्हाईन स्वित्झर्लंडमधून निघते, जर्मनी-फ्रान्सच्या सीमेने जाते, जर्मनीतून नेदरलँड्समध्ये उतरते. तिच्या रक्षणासाठी पाच देशांचा आयोग 1950 मध्ये स्थापन झाला, आणि त्यासाठी धडपडले डच. का, तर सगळ्यांची घाण शेवटी त्यांच्या दारात येत होती आणि तेच पाणी त्यांना प्यायचं होतं. पुढची वीस-पंचवीस वर्षं आयोग होता, बैठका होत्या, अहवाल होते, आणि नदी आणखी बिघडत होती. एकट्या मिठाचं प्रकरण पाहा. फ्रान्सच्या अल्सास भागातल्या पोटॅशच्या खाणी नदीत मीठ सोडायच्या. खाली हॉलंडमध्ये हरितगृहांतली फुलं-भाजी त्या पाण्याने करपायची. 1976 मध्ये करार झाला. त्यात मीठ कमी करण्याच्या खर्चाचे वाटे असे पडले: फ्रान्स 30 टक्के, जर्मनी 30, स्वित्झर्लंड 6 आणि नेदरलँड्स 34. ज्याचं नुकसान होत होतं त्यानेच सगळ्यात मोठा वाटा उचलला. तरीही फ्रान्सच्या संसदेने मंजुरी अडवून धरली, 1979 मध्ये डचांनी पॅरिसमधला आपला राजदूत माघारी बोलावला, आणि करार अमलात यायला 1985 उजाडलं. दरम्यान एका डच रोपवाटिकेने खाणींवर दावा लावला होता. नुकसान जिथे झालं तिथल्या न्यायालयातही दाद मागता येईल, असा निकाल युरोपीय न्यायालयाने 1976 मध्येच दिला. बागवानाला फ्रान्सला खेटे घालायची गरज उरली नाही. वरच्याला खालच्याच्या दारात येऊन उत्तर द्यावं लागणं, हा त्या सगळ्या लढ्यातला मला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो.

मग 1 नोव्हेंबर 1986 ची पहाट आली. बाझेलजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली, विझवायला मारलेल्या पाण्याबरोबर सुमारे तीस टन कीटकनाशकं आणि इतर रसायनं नदीत गेली, नदी लाल झाली, शेकडो किलोमीटरपर्यंत वाम मासे मेले. पुढच्याच वर्षी कृती कार्यक्रम ठरला. त्याचं उद्दिष्ट बीओडीच्या (पाण्यातली सेंद्रिय घाण मोजणाऱ्या) आकड्यात न सांगता माशात सांगितलं होतं: 2000 सालापर्यंत साल्मन परत आला पाहिजे. तो त्याआधीच एका उपनदीत सापडू लागला.

त्या आगीनंतर स्वित्झर्लंड आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांनी मिळून सीमेवर, वाइल अम ऱ्हाईन इथे, एक मापनकेंद्र उभारलं. नदीच्या रुंदीभर ठिकठिकाणाहून पाणी सतत आत ओढलं जातं, कारण एका काठाची घाण बरंच अंतर दुसऱ्या काठाला मिसळत नाही. खर्च दोघांचा, आकडा दोघांचा. खाली जर्मनी आणि हॉलंडच्या सीमेवरही अशीच जोडगोळी आहे, बिमेन आणि लोबिथ. आकडा दोघांनी मिळून काढला की ‘तुमची प्रयोगशाळा चुकीची’ हा वाद मुळातच संपतो. आपल्याकडे अर्धं आयुष्य त्याच वादात जातं.

कुणी म्हणेल, ते देश श्रीमंत, आपली पालिका कंत्राटदाराची बिलं चुकवताना मेटाकुटीला येते. हे खरं आहे. म्हणून मी ऱ्हाईनपेक्षा तिच्या एका छोट्या उपनदीकडे बोट दाखवीन. एम्शर. जर्मनीतल्या रुहर भागातल्या कोळसा खाणींमुळे जमीन खचायची, म्हणून भूमिगत गटारं टाकता यायची नाहीत, आणि सगळ्या गावांचं सांडपाणी उघड्यावर एम्शरमध्ये जायचं. शेजारची रुहर नदी पिण्यासाठी जपायची आणि एम्शरचं गटार करायचं, असं जवळपास ठरवूनच चाललं होतं. पण 1899 मध्ये तिथल्या गावांनी, खाणींनी आणि कारखान्यांनी एक संघ काढला. सभासद होणं पुढे कायद्याने बंधनकारक झालं, आणि वर्गणी ठरली ती कोण किती घाण करतो त्यावर. तेव्हाचा जर्मनी आजच्या महाराष्ट्रापेक्षा श्रीमंत होता असं मला वाटत नाही. एम्शर स्वच्छ व्हायला पुढे शतकभर लागलं. खाणी बंद झाल्यावर 1992 मध्ये काम निघालं आणि 2021 च्या अखेरीस तिच्यात सांडपाणी जाणं थांबलं. पण हे काम कुणी करायचं आणि पैसे कुणी काढायचे, यावर कुणाला नव्याने समिती नेमावी लागली नाही. संघ होताच.

आपली एम्शर म्हणजे वालधुनी. अंबरनाथच्या डोंगरातून निघते, शिवमंदिराच्या अंगणातून जाते, उल्हासनगरच्या पोटातून कल्याणला येते आणि खाडीला मिळते. तिच्या वाटेवर जीन्स धुण्याच्या कारखान्यांच्या निळ्यापासून घराघरांतल्या सांडपाण्यापर्यंत सगळं तिने पोटात घेतलं. 2014 च्या नोव्हेंबर अखेरीस एका रात्री उल्हासनगरात तिच्यात रसायन ओतलं गेलं आणि वायूने शेकडो लोक रुग्णालयात गेले. तेव्हा चार दिवस गदारोळ झाला. नंतर शांत. कारण उघड आहे: वालधुनी उल्हासेला मिळते ती पिण्याचं पाणी उचलण्याच्या जागांच्या खाली. बदलापूरला जीवन प्राधिकरण पाणी उचलतं, जांभूळला एमआयडीसी, मोहिलीला कल्याण-डोंबिवली, शहाडला स्टेम ही ठाणे-भिवंडीला पाणी देणारी सामायिक कंपनी. वालधुनीची घाण यांपैकी कुणाच्याच पंपात जात नाही, म्हणून ती कुणाचीच नाही. जाते कुठे? खाडीत. आणि खाडी काही नदीसारखी एका दिशेने वाहत नाही. भरतीला ती घाण पुन्हा वर येते, ओहोटीला खाली जाते, हेलपाटे घालत दिवसेंदिवस तिथेच राहते. कोलशेत, बाळकूम, काल्हेर, कळव्याच्या कोळीवाड्यात बोय आणि निवट्या या माशांची भाषा आता म्हातारे करतात.

उल्हासेच्या मुख्य पात्राची स्थिती याहून बरी, पण तिथला खेळ जास्त बोलका. शहाडच्या उपशाच्या जवळ उल्हासनगरातून खेमाणी नाला यायचा. पाणी उचलायची जागा आणि नाला इतके शेजारी, की दाद कुणाकडे मागायची यापेक्षा आधी हसू यावं. मग नाला वळवा, अडवा, पंपाने दुसरीकडे टाका, असे उद्योग झाले. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर मोहने, आपटी, रायते भागात जलपर्णी पात्र भरून टाकते, पंपाच्या जाळीत अडकते, मग कल्याणकरांचा पाणीपुरवठा विस्कळित होतो, कुणीतरी नदीत उतरून उपोषण करतं, पोकलेन येतं. जलपर्णी हा रोग नाही, ताप आहे. तिला नायट्रोजन, फॉस्फरस लागतं आणि ते वरच्या गावांच्या न शुद्ध केलेल्या सांडपाण्यातून आयतं मिळतं. आणि आता ही वरची गावं कर्जत-नेरळ-वांगणीपर्यंत गेली आहेत. नदीकिनारी ‘रिव्हर टच’ म्हणून विकलेल्या गृहसंकुलांची मलवाहिनी नेमकी कुठे टच होते, हे माहितीपत्रकात नसतं.

खालच्याला याची किंमत कशी मोजावी लागते हे पाहायचं तर एखाद्या जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत सकाळी उभं राहावं. एका ओळीत सहा काचपात्रं, प्रत्येकात नदीचं तेच गढूळ पाणी, प्रत्येकात तुरटीची किंवा तिच्या जागी आता वापरतात त्या पीएसी या रसायनाची मात्रा वेगळी. वर सहा पाती एका लयीत फिरतात, आधी जोरात, मग हळू. थांबली की गाळाचे पुंजके तळाला बसायला लागतात. ज्या पात्रात कमीत कमी मात्रेत पाणी निवळलं ती मात्रा त्या दिवसाची. नदी बिघडली की मात्रा वाढते, क्लोरीन वाढतो, गाळण्या वारंवार धुवाव्या लागतात. हा सगळा वाढीव खर्च वर कुणीतरी वाचवलेला असतो. बदलापूर किंवा उल्हासनगरने शुद्धीकरण केंद्र नीट न चालवून जे वीजबिल वाचवलं, ते ठाण्या-भिवंडीच्या पाणीपट्टीत चढतं. ही पालिकापालिकांतली उधारी आहे, फक्त ती कुठल्या वहीत लिहिलेली नाही.

शिवाय तुरटी-क्लोरीनने गढूळपणा जातो, जंतू मरतात. विरघळलेली रसायनं आणि क्षार तसेच पुढे येतात. अमोनिया वाढला तर तो क्लोरीन खातो. दिल्लीकरांना हे चांगलं ठाऊक आहे: हरियाणातून यमुनेत येणारा अमोनिया एक पीपीएमच्या आसपास गेला की वझिराबादचं केंद्र उत्पादन कमी करतं किंवा थांबवतं, आणि मग दोन मुख्यमंत्र्यांचे एकमेकांवर पत्रबॉम्ब. आपल्याकडे पालिकेचा आरोग्य कर्मचारी येऊन नळाच्या पाण्यात दोन थेंब टाकतो, पाणी पिवळं झालं की ‘ओटी पॉझिटिव्ह’ लिहून जातो. ती चाचणी क्लोरीन आहे एवढंच सांगते. नदीबद्दल ती अवाक्षर बोलत नाही, आणि नागरिकाच्या डोळ्यांसमोर होणारी चाचणी तेवढीच.

‘मग प्रदूषण नियंत्रण मंडळ कशाला आहे?’ हा प्रश्न रास्त आहे. मंडळ मोजत नाही असं नाही. बदलापूरच्या वर, जांभूळला, मोहन्याच्या बंधाऱ्यापाशी नमुने घेतले जातात, निर्देशांक जाहीर होतात. पण महिन्याकाठी एका सकाळी घेतलेला नमुना रात्री दोनला रिकामा झालेला टँकर पकडू शकत नाही. आणि तो आकडा कुणाच्याही हद्दीला बांधलेला नाही. तो नदीचा आकडा आहे, अमुक पालिकेने घातलेल्या भराचा नाही. केंद्रीय मंडळाच्या 2018 च्या यादीत देशातले 351 नदीपट्टे प्रदूषित होते, त्यांतले 53 महाराष्ट्रात, देशात सर्वाधिक. यादीत नाव आल्याने कुणाच्या खिशाला चाट बसली नाही. चाट बसते ती न्यायालयात. 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास-वालधुनीच्या प्रकरणात सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना आणि पालिकांना मिळून सुमारे 95 कोटींचा दंड सुनावला. ते आवश्यक होतं. पण पालिकेला दंड म्हणजे तिच्याच करदात्याला दंड, तोही वर्षानुवर्षांच्या अपिलांनंतर. त्याच वर्षी राज्य सरकारने नदीकाठी कुठले उद्योग कुठे चालतील हे ठरवणारं नदी नियमन क्षेत्राचं धोरणच गुंडाळून ठेवलं, हेही विसरू नये.

नवं प्राधिकरण काढा, असं मी म्हणणार नाही. प्राधिकरणांची या महानगर प्रदेशात वानवा नाही. आणखी एक इमारत, आणखी एक निवृत्त सनदी अधिकारी, आणखी एक सरकारी गाडी. संस्था आपल्याकडे आहे. ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर आणि जिल्हा परिषद यांनी मिळून शहाडहून पाणी उचलण्यासाठी स्टेम ही सामायिक कंपनी काढली. कोटे ठरले, कुणाचं पाणी कुणी चोरलं यावर भांडणंही होतात, पण व्यवस्था चालते. चार स्थानिक संस्था एका नदीवर एकत्र येऊन कारभार करू शकतात हे तिने दाखवून दिलं आहे. तिच्या टेबलावर दोन खुर्च्या कमी आहेत: वरच्या गावांची आणि प्रतीची. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली, एमआयडीसी आणि कर्जतही त्या टेबलावर आले, तर बोलणी सुरू होतात.

बोलणी कशावर? आधी हद्दीवरच्या मापनावर. नदी एका पालिकेच्या हद्दीतून दुसरीत जाते तिथे वरच्याचा आणि खालच्याचा माणूस मिळून पाणी घेईल, दोघांची सही, आकडा त्याच संध्याकाळी लोकांसमोर. विरघळलेला प्राणवायू, अमोनिया आणि क्षारता एवढं तर आज सतत चालणाऱ्या उपकरणांनी मोजता येतं. सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं बाष्कळ उद्घाटन करण्यापेक्षा ते स्वस्त आहे. मग पैसा. आत आलेल्या पाण्यापेक्षा बाहेर गेलेलं पाणी जितकं वाईट, त्या प्रमाणात वर्गणी. आणि ती वर्गणी दंड म्हणून तिजोरीत न जाता वरच्याच गावाच्या मलवाहिन्यांवर खर्च व्हायची. फ्रान्सने 1964 च्या कायद्याने देशाची सहा खोरी करून प्रत्येकात हेच केलं, घाण करणाऱ्याकडून आकार घ्यायचा आणि तो त्याच खोऱ्यात शुद्धीकरणाला द्यायचा. आणि उद्दिष्ट लोकांना कळेल असं असावं. बीओडी तीन मिलिग्रॅमच्या खाली, हे मंडळाच्या फाईलला ठीक. कोलशेतच्या कोळ्याला बोय कधी मिळेल, असं तारखेसह लिहिलं, तर खोटं पडल्यावर तो विचारायला येईल.

यातली अडचण मला दिसते, आणि ती ठाण्याचीच आहे. आपण नेदरलँड्सच्या जागी आहोत, पण साळसूद नाही. आपलंही सांडपाणी खाडीत जातं, आणि खाडीच्या पलीकडे नवी मुंबई, ऐरोली आणि 2022 मध्ये रामसर यादीत गेलेलं फ्लेमिंगोंचं अभयारण्य आहे. वरच्यांना जाब विचारायचा तर आपल्या हद्दीवरही तोच मापक बसवून घ्यावा लागेल, आणि त्याचा आकडा आपल्याला आवडणार नाही. दुसरं, बदलापूर-अंबरनाथसारख्या नगरपालिका आपल्या घरपट्टीच्या जोरावर गावभर मलवाहिन्या टाकू शकणार नाहीत. आपली माणसं घरं स्वस्त म्हणून तिकडे गेली, पगार ठाण्या-मुंबईत मिळवतात, मैला तिथे सोडतात. मग त्या मलवाहिनीचा काही भार ठाण्याने उचलणं न्यायाचं तर आहेच, फायद्याचंही आहे, कारण तिथे टाकलेला रुपया इथे तुरटीत वाचतो. महासभेत हा विषय आला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘बदलापूरच्या गटाराला ठाणेकराचे पैसे का?’ उत्तर द्यायला उभ्या राहणाऱ्या नगरसेवकाने मिठाच्या करारातले ते 34 टक्के पाठ करून जावेत, आणि सोबत स्टेमचं गेल्या उन्हाळ्याचं रसायनांचं बिल न्यावं.